कधीच न भरणारा खड्डा

मी हे रागात लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. आजारातून उठलेली माणसं देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानून सुरुवात करतात. आभार मीही मानणार आहे, माझ्यावर उपकार करणारी माणसं होती. पण आधी राग. माझी कावीळ दीड महिन्यात उतरली. राग वर्ष होत आलं तरी उतरलेला नाही, आणि तो निवायच्या आत हे लिहून झालं पाहिजे. कारण माझ्यासारख्या बायका आजही घरोघर पाहुण्यांपुढे गूळपाणी ठेवून म्हणत असतील, "आमच्या बावीचं पाणी एकदा पिऊन बघा."

सुके बांगडे

मी अंगणवाडी सेविका आहे. मालवणपासून थोडं आत, सड्याच्या उतारावर आमची वाडी. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. वर कातळ, खाली माडाची आगरं, मधे आमची घरं. घरात मी आणि माझे यजमान विलास. मेघना ही आमची एकुलती मुलगी, लग्न होऊन पुण्याला असते. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे धाकटा दीर बाबल. पर्यटक यायला लागले तशा आम्ही दोन खोल्या बांधल्या, बाबलने सहा. आणि घरामागे आमची बाव. विहिरीला आमच्याकडे बावच म्हणतात.

जूनचा मध्य होता. आठ दिवस मला जेवण जात नव्हतं. पित्त असेल म्हणून मी कोकमाचं सार पीत होते. बोटी बंद झालेल्या, म्हणून नेहमीची मासेवाली रेश्मा सुके बांगडे घेऊन आली. तिने टोपलीवरचं फडकं काढलं मात्र, मी उठून न्हाणीकडे धावले.

परत आले तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "गो बाय, वास सोसना नाय तुका? तू तर काटो पण सोडणंस नाय." मग जवळ येऊन म्हणाली, "डोळे बघ आधी आरशात. हळद घातल्यासारखे झालेत."

मी आरशात बघितलं. विलासला हाक मारली. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो.

डॉक्टरांचं पेन

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. "ही पाण्यातून होणारी कावीळ आहे. पाणी कुठलं पिता?"

"आमच्या बावीचं," मी मान ताठ करून सांगितलं. डोळे हळदीसारखे झालेले, उभं राहवत नव्हतं, तरी बावीचं नाव निघाल्यावर मान ताठच झाली.

"उकळून?"

अंगणवाडीच्या भिंतीवर वीस वर्षं एक तक्ता लावलेला आहे. त्यावर चुलीवरच्या पातेल्याचं चित्र आणि खाली 'पाणी उकळून प्या'. तो तक्ता दाखवून मी शेकडो आयांना शिकवलंय. घरी मात्र कधी पाणी उकळलं नाही. तो तक्ता नळाचं पाणी पिणाऱ्यांसाठी आहे, असं मला मनापासून वाटायचं.

"घरात ते पाणी आणखी कोण पितं?"

"यजमान पितात. आणि मुलगी. पहिल्या बाळंतपणाला आली आहे. सातवा सरत आलाय."

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "कधीपासून पितेय?"

"महिना झाला."

डॉक्टर म्हणाले की ही कावीळ तुमच्या वयाच्या माणसाला आडवं पाडते आणि बहुतेक वेळा सोडून देते. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईची गोष्ट वेगळी. तिला होऊ नये म्हणून आधी देण्यासारखं औषध आपल्याकडे नाही. आजपासून तिला त्या पाण्याचा थेंब देऊ नका, दर आठवड्याला रक्त तपासा आणि वाट बघा. विष पोटात गेलं असेल तर दिसायला महिना-दीड महिना लागतो.

त्या क्षणापासून माझा आजार माझा राहिला नाही.

बाटली

हे लिहायला मला सगळ्यात जड जातं, म्हणून लवकर उरकते.

मेघना मेमध्ये आली तेव्हा तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. तिच्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी उकळलेलंच पाणी प्यायला सांगितलं होतं. आल्या आल्या तिने विचारलं, "आई, पाणी उकळलेला आसा मा?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पुण्याक जावन नखरे शिकलंस? ह्याच पाण्यार वाढलंस तू." आणि मी तिच्या हातातली बाटली घेतली, ओसरीवरून तुळशीच्या वाफ्यात रिकामी केली, आणि आमच्या बावीच्या पाण्याने भरून तिच्या हातात दिली. ती हसली आणि प्यायली. मला बरं वाटावं म्हणून प्यायली.

तिची काही चूक नाही. हे वाक्य मी दवाखान्यात रोज स्वतःला ऐकवत होते. दुसरी बाजूही खरी होती, ती ऐकवायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती.

आठ दिवस

वॉर्डात सकाळी साडेसहाला दिवा लागायचा. झाडूवाल्या मावशी फिनेल टाकून जायच्या, मी नाकाला पदर लावायची. मग सलाइन. हात सुजला की दुसरा हात. दुपारी विलास उकड्या तांदळाची पेज घेऊन यायचा, नुसतं मीठ घातलेली. पहिले चार दिवस तीही राहिली नाही. पाचव्या दिवशी दोन वाट्या पोटात राहिल्या, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने टाळ्या वाजवल्या. तिचं नाव मी विचारलं नाही, पण त्या टाळ्यांची आठवण आहे.

अंगाला सुटणारी खाज कुणाला सांगून कळणार नाही. रात्रंदिवस खाजवून पाय रक्ताळले होते. सिस्टर येऊन नखं कापून गेली, लहान मुलाची कापावी तशी. हे उपकार मी विसरणार नाही.

पण दिवसभर डोक्यात एकच गोष्ट चालायची. बोटांवर दिवस मोजायचे. मेघनाने शेवटचं पाणी प्यायलं तो दिवस, तिथून एक आठवडा, दोन आठवडे. ती भेटायला यायची तेव्हा मी आधी तिचे डोळे बघायची, नंतर तोंड. एकदा ती वैतागली. "आई, माझ्याशी बोल मा जरा. नुसती डोळ्यात कित्याक बघतंस?"

विलासने एक गोष्ट दडवली होती, ती तिथेच बाहेर आली. जूनच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या एका पाहुण्यांचा फोन आला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ते चौघे आमच्याकडे राहून गेलेले, त्यांतल्या तिघांना कावीळ झाली होती. विलासने त्यांना सांगितलं, "वाटेत खंय तरी खाल्लास असतला." आणि मला सांगितलंच नाही, उगाच काळजी नको म्हणून. त्या दिवशी मी खाटेवर उठून बसले आणि सगळ्या वॉर्डासमोर त्याच्यावर ओरडले. तो फोन मला कळला असता तर मेघनाच्या पोटात जाणारं दोन आठवड्यांचं पाणी तरी वाचलं असतं. तो मान खाली घालून डबा पुसत राहिला. आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्याला इतकं बोलले नव्हते.

बाबलचा खड्डा

आता गुन्हेगार शोधायचा होता, आणि तो मला सापडलेलाच होता. बाबलच्या सहा खोल्या, सहा संडास, त्या संडासांचा खड्डा, आणि ते सगळं आमच्या बावीच्या वरच्या अंगाला. खोल्या बांधल्या तेव्हाच मी म्हटलं होतं की हे एक दिवस अंगाशी येणार. घरी आल्या आल्या मी गडग्याशी जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. वाडीने ऐकलं.

बाबल ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "वयनी, माझोच खड्डो दिसता तुका? तुझो खंय आसा?"

"माझो साठ फुटांवर आसा! कागदावर सही आसा!"

सही होतीच. बाव आणि खड्डा यांच्यात पन्नास फूट अंतर राखा, असं आम्हाला सांगितलेलं. आम्ही दहा जास्त सोडले. ना-हरकत देणाऱ्या माणसाने जागा बघितलीसुद्धा नाही, चहा पिता पिता ओसरीवर सही केली आणि गेला. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं, त्रास न देणारा माणूस म्हणून.

आणि खड्डा तर असा, की वाडीत त्याची ख्याती. पांडू गवंड्याने जांभ्यात खणलेला. खणून झाल्यावर आमच्याकडे रीत आहे, खड्ड्यात पिंपभर पाणी ओतून बघायचं. पाणी जितकं लवकर गायब होईल तितका खड्डा चांगला. आमच्या खड्ड्यात पिंप ओतलं ते बघता बघता गेलं. पांडूने फावड्याला टेकून सांगितलं, "वयनीनू, ह्यो खड्डो जल्मात भरूचो नाय." आणि खरंच, आठ वर्षांत तो एकदाही उपसावा लागला नाही. ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत असे. आठ वर्षांत एकदाही मला प्रश्न पडला नाही की दोन संडासांचं सगळं जातं कुठे.

दोन रंग

आमच्या भागाचे आरोग्य सेवक परबदादा बावीच्या पाण्याचा नमुना घेऊन गेले. 'पिण्यास अयोग्य' असा शेरा आला. ह्याच परबदादांनी पाठवलेला माणूस दरवर्षी बावीत औषधाची पावडर टाकायला यायचा आणि मी त्याला फाटकातूनच परत लावायची. पाण्याला वास येतो म्हणून. ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी हट्ट धरला की बाबलचा खड्डा तपासा. परबदादांनी जिल्ह्याच्या ठिकाणाहून, भूजलाचं काम करणाऱ्या ओळखीच्या साहेबांकडून, रंगाच्या दोन पुड्या आणल्या. लाल रंग बाबलच्या खड्ड्यात टाकला. "आणि हिरवो तुमच्या खड्ड्यात," ते म्हणाले. मी म्हटलं टाका, काय बिघडतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासने बावीत कळशी सोडली. वर आली ती हिरवी.

केळीच्या कोवळ्या पानासारखा रंग होता. मी कळशीकडे बघत उभी राहिले. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "बाबलाचो रंग बदललो असतलो." इतकी मी आंधळी झाले होते.

परबदादा बावीच्या कठड्यावर बसले. त्यांनी शेजारी पडलेला एक चिरा उचलला, घरं बांधायला वापरतो तो जांभ्याचा ठोकळा, आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी वरून आत गेलं आणि खालच्या दोन भोकांतून धार लागली. "बघा," ते म्हणाले. "मातयेत, रेवेत पाणी हळू मुरता. मुरता मुरता बरीचशी घाण थंयच अडकता, मरता. जांभ्यात तसा नाय. जांभ्यात पोकळे आसत, फटी आसत. पाणी गाळणा नाय, धावता. तेका फूट कळनत नाय आणि गडगो कळना नाय."

"मगे आठ वर्सां आमका काय कसा झाला नाय?" विलासने विचारलं.

"ह्या वर्सा बाव कधी उपसलास?"

मेमध्ये. दरवर्षी मेमध्येच उपसतो, पाणी खाली गेलेलं असतं म्हणून. ह्या वर्षी मेघना येणार म्हणून विलासने दोन पंप लावून तळ दिसेपर्यंत पाणी काढलं. गाळ काढला, चुना मारला. आपल्या लेकीला ताजं झऱ्याचं पाणी मिळावं म्हणून. त्याच आठवड्यात आमच्या दोन्ही खोल्या पर्यटकांनी भरलेल्या होत्या.

परबदादांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. बाव रिकामी केली की आजूबाजूचं पाणी ती जागा भरायला धावतं, ज्या वाटेने येता येईल त्या वाटेने. इतकी वर्षं आमच्या खड्ड्यातलं पाणी कुठल्या कुठल्या फटींतून इकडे तिकडे जात होतं, बावीत थोडंफार येतही असेल. आम्ही दोन पंप लावून ते ओढून आणलं, आणि त्या वेळी खड्ड्यात कुणा आजारी पाहुण्याची घाण होती. मग त्याला आम्ही ताजा झरा म्हटलं.

लाल रंग आमच्या बावीत आलाच नाही. बाबल निर्दोष, असं वाडीने ठरवलं. मी त्याची माफी मागितली, मागायलाच हवी होती. पण रंग नाहीसा होत नसतो. तो कुठेतरी गेला आहे. आमच्या खालच्या अंगाला अकरा घरं आहेत आणि प्रत्येक घरामागे बाव आहे. हे मी वाडीच्या बैठकीत बोलले तेव्हा लोकांनी माझ्याकडे आजारी बाईकडे बघावं तसं बघितलं.

गोव्याचा रस्ता

मेघनाचे दोन रिपोर्ट चांगले आले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी ती सकाळी नाश्त्याला बसली, घावणाचा एक तुकडा मोडला आणि ताट सरकवलं. "आई, वास येता," ती म्हणाली. मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. पहिल्यांदाच बघितलं नाही.

बाबलने गाडी काढली. मी त्याला वाडीसमोर घाण घाण बोललेली बाई, आणि तो मागच्या सीटवर उशा लावत होता. दवाखान्यातून तसंच पुढे गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. भर पावसात तो गाडी इतकी जपून चालवत होता की मेघनाला झोप लागली. बाबल, हे तू वाचशील तर, तुझे हे उपकार आहेत. तुझ्यावरचा राग वेगळा आहे आणि तो पुढे येतोच आहे.

तिसऱ्या दिवशी बाळ झालं. आठव्या महिन्यातली मुलगी. मी तिला काचेतून बघितलं. मूठ घट्ट मिटलेली होती आणि कपाळ अगदी विलासचं. अकरा तास ती होती.

मेघना पाच दिवस माणसांत नव्हती. जावई बाहेर बाकावर बसून असायचे. माझ्याशी नीट बोलायचे, आणि ते नीट बोलणं मला सोसायचं नाही. सहाव्या दिवशी मेघनाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं. अर्धं उशीवर सांडलं, मी पुन्हा चमचा भरला.

लोक म्हणाले, लेक वाचली हे नशीब समज. देवाची इच्छा म्हणाले. कुणाचं काय तर कुणाचं काय. देवाने तो खड्डा खणला नव्हता. पांडूने खणला, एका माणसाने न बघता सही केली, मी आठ वर्षं मिरवला, आणि बाटली मी भरली. यात देवाला ओढू नका.

तुम्हाला सांगायचं ते

पाणी उकळा. पाणी गोड असलं, थंड असलं, आरशासारखं स्वच्छ असलं तरी उकळा. ज्या पाण्याने आमचं घर बुडालं ते चवीला तितकंच गोड होतं. बाव उपसलीत तर पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका. पावडर टाकणाऱ्या माणसाला परत पाठवू नका. आणि तुमचा खड्डा कधी भरत नसेल तर फुशारकी मारू नका. आम्ही आमचा बुजवला आणि चारी बाजूंनी बंद टाकी बांधली. ती भरते, गाडी बोलवून उपसावी लागते, वाडीत त्यावरून हसतात.

ह्या मेमध्ये

मेघना परवा आली. बाळानंतर पहिल्यांदाच. पिशवीत तिची बाटली होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला नाही, तिने मागितला नाही. इतक्या महिन्यांत तिने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. कधी कधी वाटतं, दिला असता तर बरं झालं असतं.

दुपारी गडग्यापलीकडून हसण्याचा आवाज आला. बाबल आणखी दोन खोल्या बांधतोय, त्यासाठी नवा खड्डा. आम्ही दोघी बाहेर आलो. पांडू गवंडी काठावर उभा, चार-पाच जण भोवती, आणि बाबल नळीने खड्ड्यात पाणी सोडत होता. पाणी तळाला लागत होतं आणि जात होतं. माणसं खूश झाली होती.

मला बघून बाबलने हात वर केला. अगदी मनापासून म्हणाला, "वयनी, काळजी करू नको. मुद्दाम लांब खणलंय. ह्यो तुमच्या बावीच्या वाटेक जाऊचो नाय."

"आणि भरूचो पण नाय," पांडू म्हणाला.

माझ्या तोंडात शब्द आले होते, सगळे वर्षभराचे. पण मेघना माझ्या पुढे गेली. गडग्यावर दोन्ही हात ठेवून ती खड्ड्यात बघत राहिली. मग हळू आवाजात तिने विचारलं, "बाबलकाका, मगे ता पाणी गेला खंय?"

नळी चालूच होती. खाली उतारावर अकरा घरांची कौलं दिसत होती, आणि त्यातल्या एका घरामागे कुणीतरी बावीत कळशी सोडत होतं.